सुट्या भागांची विक्री जास्त आणि मजुरी कमी असताना जीएसटीची मर्यादा ४० लाख की २० लाख?

प्रश्न: ब्लोअर दुरुस्तीवाला, तासगाव

नमस्कार. तासगाव तालुक्यात माझे ट्रॅक्टर आणि द्राक्षबागेच्या फवारणीच्या ब्लोअरची दुरुस्ती करण्याचे छोटे गॅरेज आहे. मागील वर्षी उलाढाल साडेअठरा लाखांपर्यंत गेली आणि यंदा ती २४ लाखांच्या आसपास जाईल असे दिसते. त्यातील सुमारे १५ लाख बेल्ट, बेअरिंग, एचटीपी पंपाचे भाग, क्लच प्लेट अशा मालाचे आणि ९ लाख निव्वळ मजुरीचे असतील. मालाच्या व्यापाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, असे बाजारात सगळेच सांगतात. माझा मोठा हिस्सा मालाचाच असल्यामुळे मी आजवर नोंदणी केलेली नाही. गेल्या आठवड्यात मात्र एका करसल्लागारांनी सांगितले की, आपण मजुरी घेता, म्हणून आपली मर्यादा २० लाखच. हे बरोबर आहे का?

दुसरी अडचण व्यवहाराची आहे. बेल्टवर छापील किंमत असते, त्यामुळे शेतकरी तिच्याबद्दल वाद घालत नाही. मजुरीवर काहीच छापलेले नसते. दोन हजारांच्या मजुरीचे १८ टक्के करासह २,३६० रुपये मागितले, तर तो ब्लोअर ट्रॉलीत घालून कच्च्या चिठ्ठीवर काम करणाऱ्याकडे नेईल. शिवाय आमचे सगळे काम ऑक्टोबरच्या छाटणीच्या तोंडावर येते आणि पैसे मात्र शेतकऱ्याची द्राक्षे विकली गेल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतात. तोपर्यंतचा कर मी कोठून भरायचा?

उत्तर: स्पेअर विक्रेता, विटा

आपण सरळ कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरण्याच्या योजनेत जावे. एक टक्का भरला की विषय संपला. मी गेली काही वर्षे तेच करतो आणि मला अजून कोणताही त्रास झालेला नाही.

उत्तर: करसल्लागार, सांगली

वरील सल्ला त्यांच्या दुकानासाठी योग्य असेल, पण तासगावच्या गॅरेजला तो लागू पडत नाही. एक टक्क्याची योजना माल विकणाऱ्यांसाठी आहे. त्यात सेवा देता येते, पण ती मागील वर्षाच्या उलाढालीच्या १० टक्के किंवा ५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढीच. यांची मजुरीच ९ लाख आहे. त्यांना उपलब्ध असलेली योजना वेगळी आहे. ती १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली, तिची मर्यादा ५० लाख आहे आणि दर ६ टक्के आहे. हा दर केवळ मजुरीवर नव्हे, तर मालासह संपूर्ण उलाढालीवर लागतो.

मूळ प्रश्नाचे उत्तर असे की, आपल्याला मिळालेला सल्ला बरोबर आहे. ४० लाखांची सवलत फक्त माल, आणि मालच, पुरवणाऱ्यांना आहे. करपात्र मजुरीचा धंदा त्यात मिसळला की मर्यादा २० लाखांवर येते आणि ती मोजताना माल व मजुरी यांची बेरीज होते. जुन्या व्यवस्थेची सवय असलेल्यांना हे खटकते. १ जुलै २०१७ पूर्वी मालावर राज्याचा व्हॅट आणि मजुरीवर केंद्राचा सेवाकर होता, दोघांचे हिशेब वेगळे होते आणि सेवाकराला दहा लाखांपर्यंत सूट होती. त्या काळात आपली ९ लाखांची मजुरी सेवाकराच्या बाहेर राहिली असती. आता तीच मजुरी १५ लाखांच्या मालाला जोडली जाते आणि दोन्ही मिळून आपण कराच्या कक्षेत येता. लहान दुरुस्ती व्यावसायिकावरचा खरा परिणाम माझ्या मते १८ टक्के या दरापेक्षा या बेरजेतून जास्त होतो.

आता कोणता मार्ग घ्यायचा ते आकड्यांत पाहावे. आपण १५ लाखांना विकलेला माल करासह १२ लाखांना घेतला आणि सर्व मालावर १८ टक्के कर आहे, असे धरू. नियमित नोंदणीत खरेदीवरचा कर वजा मिळत असल्याने मालापोटी खिशातून साधारण ४६ हजार जातात. मजुरीवरचा कर गिऱ्हाइकाने वेगळा दिला, तर आपला बोजा तेवढाच. त्याने तो दिला नाही आणि जुन्याच मजुरीत आपण तो सोसला, तर आणखी १ लाख ३७ हजार, म्हणजे एकूण सुमारे १ लाख ८३ हजार. सहा टक्क्यांच्या योजनेत वर्षाला १ लाख ४४ हजार भरावे लागतात. हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही आणि बिलावर आपण कर आकारण्यास पात्र नाही असे लिहावे लागते. मालावर तीन लाख नफा असताना त्यातले ९० हजार या योजनेत जातात, हे विसरू नये. मजुरी जास्त आणि माल कमी असेल तर ही योजना परवडते. आपले प्रमाण उलटे आहे.

बिलात मजुरी आणि माल वेगळे दाखवावेत. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने जून २०१८ च्या परिपत्रकात वाहन दुरुस्तीबाबत असे स्पष्ट केले आहे की, दोन्हींच्या किमती स्वतंत्र दाखवल्या असतील, तर ज्याचा जो दर असेल तो त्याला लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचे टायर आणि काही ठरावीक भाग ५ टक्क्यांवर आले आहेत, मजुरी मात्र १८ टक्क्यांवरच आहे. एकच ठोक रक्कम लिहिल्यास संपूर्ण रकमेवर १८ टक्के लागण्याचा धोका आहे.

उत्तर: रिवायंडिंग आणि लेथवाला, कुपवाड

माझा अनुभव असा की, गिऱ्हाईक कोण आहे यावर सारे अवलंबून असते. एमआयडीसीतल्या कारखान्याची मोटार बांधून दिली की तो १८ टक्के हसत देतो, कारण त्याला ते वजा मिळतात. उलट पक्के बिल नसेल तर तो कामच देत नाही. नोंदणी केल्यावर माझे हे काम वाढले. शेतकऱ्याला मात्र वजावट नाही. त्याच्यासाठी तो कर म्हणजे निव्वळ भाववाढ आहे. ऊस वाहतुकीचा ट्रकवाला नोंदणीकृत दिसला, तरी बहुधा तोही याच रांगेत असतो, कारण वाहतूक पाच टक्क्यांच्या पद्धतीत असली की खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही.

शेतकऱ्यांसाठी मी फलकावर करासहच मजुरी लिहिली आहे. दोन हजारांचे काम एकवीसशे केले आणि त्यातूनच कर भरतो. म्हणजे माझ्या हाती १,७८० रुपये राहतात. हे चांगले आहे असे मी म्हणणार नाही. पण बिलाखाली कराची वेगळी ओळ दिसली की होणारी हुज्जत थांबली.

एक गोष्ट कायद्यात बसते. माल शेतकऱ्याने स्वतः दुकानातून स्वतःच्या नावाच्या बिलाने आणायचा आणि आपण फक्त मजुरी घ्यायची. मग आपली उलाढाल ९ लाखच राहते. अर्थात मालावरचा नफा सोडावा लागतो. घरच्या माणसाच्या नावे कागदोपत्री दुकान काढून दोन्ही धंदे आपणच चालवायचे, या फंदात मात्र पडू नये.

उत्तर: तंतुवाद्य कारागीर, मिरज

विषय थोडा बाजूचा आहे, पण गुंता तोच आहे. हाताने बनवलेल्या देशी वाद्यांच्या विक्रीवर कर शून्य आहे. नवा तानपुरा विकला तर काही नाही. मात्र जुन्या तानपुऱ्याची जवारी काढून, म्हणजे घोडी घासून नाद जुळवून दिला तर ती दुरुस्ती, म्हणजे १८ टक्के. शून्य कराची विक्रीही २० लाखांच्या मोजणीत धरली जाते. केवळ वाद्ये विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, आणि थोडी दुरुस्ती करणाऱ्याला लागू शकते. जवारी काढणे हे सगळे हातचे काम असताना त्यालाच कर का, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

प्रश्नकर्ता: ब्लोअर दुरुस्तीवाला, तासगाव

सर्वांचे आभार. मी मालाचा नफा सोडू शकत नाही, त्यामुळे नियमित नोंदणीच करीन असे वाटते. उधारीचा प्रश्न राहिला. तसेच सध्या कपाटात दीड लाखाचे बेल्ट-बेअरिंग पडून आहेत, त्यांच्यावर भरलेल्या कराचे काय होते?

उत्तर: करसल्लागार, सांगली

उधारीबाबत कायदा फारशी दया दाखवत नाही. काम पूर्ण झाल्यापासून तीस दिवसांत बिल करता येते. बिल झाले की पैसे आलेले नसले तरी कर देय होतो. तिमाही रिटर्नचा पर्याय घेतला, तर पहिल्या दोन महिन्यांत मागील तिमाहीत रोख भरलेल्या कराच्या ३५ टक्के रक्कम भरून चालते. सप्टेंबरच्या तिमाहीत आपले काम कमी असेल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हप्ताही लहान येईल आणि उरलेले जानेवारीत भरावे लागेल. पैसे फेब्रुवारीत येणार असल्यामुळे एक महिन्याची तोंडमिळवणी तरी करावीच लागेल. मजुरीपैकी निदान कराइतकी रक्कम आगाऊ घेण्याची पद्धत पाडता आली तर पाहावी.

कपाटातल्या मालाच्या कराची वजावट मिळते. मात्र २० लाख ओलांडल्यापासून तीस दिवसांत नोंदणीचा अर्ज केलेला हवा, खरेदीची पक्की बिले एक वर्षाच्या आतील हवीत आणि नोंदणी मिळाल्यावर तीस दिवसांत आयटीसी-०१ हा फॉर्म भरायला हवा. सांगलीच्या होलसेल दुकानातून चिठ्ठीवर आणलेला माल यात धरता येणार नाही. म्हणून आजपासूनची प्रत्येक खरेदी पक्क्या बिलाने करावी आणि उलाढालीची बेरीज दर आठवड्याला मांडावी. छाटणीच्या हंगामात ती २० लाखांचा आकडा कधी ओलांडेल हे आपल्या लक्षातही येणार नाही.