मदत हवी आहे: टेबल, ट्री आणि लिस्टसाठी एकच सेल एडिटर

मंडळी, जावा स्विंगमधलं (जावाची खिडक्या, बटणं, तक्ते दाखवायची लायब्ररी) एक जुनं ॲप्लिकेशन सांभाळतोय. सेल एडिटर म्हणजे कप्प्यातली व्हॅल्यू जागच्या जागी बदलू देणारा भाग. जेटेबलला (तक्ता) टेबलसेलएडिटर, जेट्रीला (फांद्यांची रचना) ट्रीसेलएडिटर, आणि जेलिस्टला (साधी यादी) एडिटरच नाही! डिफॉल्टसेलएडिटर पहिले दोन्ही इंटरफेस पुरवतो खरा, पण त्याला टेक्स्टफील्ड, चेकबॉक्स नाहीतर कॉम्बोबॉक्सच लागतो. मला तारखेचा आणि रकमेचा स्वतःचा एडिटर तिन्हीकडे वापरायचाय.

डोक्यात आहे ते असं: एक जेनेरिक (व्हॅल्यूचा टाइप बाहेरून ठरवता येईल असा) इंटरफेस, त्यात एकच मेथड, ती व्हॅल्यू आणि एक कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्ट घेणार. टेबलचे रो-कॉलम, ट्रीचे एक्सपांडेड-लीफ वगैरे सगळं त्या कॉन्टेक्स्टमध्ये. घोडं इथेच अडतंय. सगळंच कोंबलं तर त्याचं कडबोळं होतं, आणि कॉन्टेक्स्टचाही टाइप पॅरामीटर केला तर एडिटर पुन्हा एकेका कंपोनंटला बांधला जातो. मग खटाटोप कशाला?

शिवाय एडिटरमधली व्हॅल्यू देणारी गेटसेलएडिटरव्हॅल्यू नुसता ऑब्जेक्टच परत देते, म्हणजे टेबलमॉडेलच्या (तक्त्याचा डेटा ठेवणारा भाग) सेटव्हॅल्यूॲटमध्ये कास्ट, म्हणजे हाताने टाइप सांगणं, आलंच. ते टाळता येतं का?

एडिटरला कॉन्टेक्स्ट अजिबात न देता प्रत्येक कंपोनंटसाठी छोटा अडॅप्टर (एडिटरला त्या कंपोनंटशी जोडणारा क्लास) लिहिणं बरं पडेल का? चुकीच्या तारखेला स्टॉपसेलएडिटिंगने फॉल्स देऊन एडिटिंग चालू ठेवणं मात्र लिस्टमध्येही हवंय. कोणी केलं असेल तर इंटरफेसचा नुसता सांगाडा टाकलात तरी चालेल. (स्विंग सोडून जावाएफएक्स या नंतरच्या लायब्ररीकडे जा असं सांगू नका, ग्राहक ऐकणारा नाही.)