मदत हवी आहे: इंग्रजीत कुणाचं बोलणं लिहिताना कॉमा, प्रश्नचिन्ह नेमकं कुठं टाकायचं?

नमस्कार मंडळी, चोपडा तालुक्यातून लिहितोय. मुलगी नववीला आहे, सेमी इंग्लिश. शाळेत इंग्रजीत गोष्ट लिहायला दिली होती, तर तिने माझ्या आईवर लिहिली, म्हणजे आजी पहाटे केळीच्या बागेत निघालीये आणि नात वाटेत दिसते तर विचारते, “कथा जाई ऱ्हायनी व?” (आमच्या अहिराणीत, कुठे चाललीस गं?), तिथून सुरू होते गोष्ट. मला वाचूनच भरून आलं. पण वही परत आली तर पानभर लाल गोळे आणि शेरा एकच, पंक्च्युएशन. काय चुकलं ते कुठंच लिहिलेलं नाही. पोरगी रडवेली झालीये, सोमवारी परत लिहून द्यायचंय. मी मराठी मीडियमचा, आम्हाला डायरेक्टचं इनडायरेक्ट करा एवढंच शिकवलं, चिन्हांकडे कुणी बघितलंच नाही.

लाल गोळे मारलेली वाक्यं जशीच्या तशी देतो:

“व्हेअर आर यू गोइंग?”, शी आस्क्ड. (यात शीचा एस कॅपिटल आहे)
ग्रँडमदर सेड “आय ॲम लेट”.
“इफ इट रेन्स,” शी सेड, “वी विल गो होम.” (वीचा डब्ल्यू कॅपिटल)
आय आस्क्ड हर व्हाय शी वॉज क्राइंग?

कुणी समजावून सांगेल का प्लीज, नुसतं बरोबर उत्तर नको, का ते पण सांगा, म्हणजे मला तिला सांगता येईल.

---

प्रतिसाद १
दादा, मी धुळ्याला इंग्रजी शिकवायचे, आता रिटायर झाले. पहिलं वाक्य बघा. प्रश्नचिन्ह आलं की तिथं कॉमा लागत नाही, दोन्ही एकदम नाही टाकायचे. आणि प्रश्नचिन्ह आलं तरी वाक्य संपलेलं नसतं, शी आस्क्ड हा त्याच वाक्याचा भाग आहे, म्हणून शीचा एस स्मॉल. पोरं इथंच फसतात, प्रश्नचिन्ह दिसलं की पुढे कॅपिटल टाकून मोकळी. दुसऱ्यात सेडच्या नंतर कॉमा हवा आणि पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत: ग्रँडमदर सेड, “आय ॲम लेट.” तिसऱ्यात आजीचं एकच वाक्य मधे तोडलंय ना, मग पुढचा तुकडा स्मॉलनेच सुरू होणार. शी सेडच्या पुढे पूर्णविराम असता आणि आजी नवीन वाक्य बोलली असती तर मात्र कॅपिटल. चौथ्यात तर कुणी बोलतच नाहीये, तुमची मुलगी सांगतेय की मी विचारलं, म्हणून प्रश्नचिन्ह काढा, साधा पूर्णविराम द्या.

आणि बोलणारा बदलला की नवीन परिच्छेद. आजीचं आणि नातीचं एकाच ओळीत कोंबलं असेल तर तेही गोळ्यात गेलं असणार, बघा.

प्रतिसाद २
ताईंनी बरोबर सांगितलं. पूर्णविरामाचं थोडं वाढवतो, कारण नेटवर दोन्ही सापडतं आणि गोंधळ होतो. पूर्ण वाक्य कुणी बोललं असेल तर गोष्टीत ब्रिटिश आणि अमेरिकन दोघंही पूर्णविराम आतच देतात. फरक पडतो तो एखाद-दुसरा शब्द अवतरणात असला की. समजा, वी कॉल इट “भरीत”. इथं ब्रिटिश पद्धतीत टिंब बाहेर, अमेरिकनमधे आत. ब्रिटिश पुस्तकांत बऱ्याचदा सिंगल अवतरणचिन्ह दिसेल, अमेरिकनमधे डबल. शाळेच्या पुस्तकात जे आहे तेच शेवटपर्यंत ठेवा, अर्धं हे अर्धं ते करू नका.

मराठीत तरी ही चिन्हं पूर्वी कुठं होती, मोडीतली जुनी पत्रं बघा, ओळ सुरू झाली की चाललीच. मेजर कँडी या इंग्रज कोशकारांनी एकोणिसाव्या शतकात विरामचिन्हं मराठीत रुळवली. तेव्हा पोरीला सांगा, इतकं रडण्यासारखं काही नाही त्यात.

---

मूळ धागाकर्ता
ताई, भाऊ, खरंच खूप आभार. आत्ता ओट्यावर बसून दोघांनी मिळून सुधारलं, ते नवीन परिच्छेदाचं तर शंभर टक्के चुकलेलं होतं, अख्खं बोलणं एकाच परिच्छेदात. तिची एक शंका राहिलीये आणि ती मला फार पटली. ती म्हणते आजी तर व्हेअर आर यू गोइंग कधी बोललीच नाही, मग अवतरणात ते कसं लिहू? आजीचं अहिराणी तसंच ठेवलं तर मार्क कापतील का?

प्रतिसाद १
दादा, फार चांगलं विचारलंय पोरीने. अहो, आजीच्या तोंडचेच शब्द आहेत हे सांगायलाच तर ते चिन्ह असतं. दोन-तीन वाक्यं अहिराणीत ठेवू द्या, लिपी रोमन करा, चिन्हांचे नियम तेच, आणि लगेच पुढच्या वाक्यात अर्थ कळेल असं काहीतरी येऊ द्या, नातीचं उत्तरच टाका ना: “टू स्कूल, आजी,” आय सेड. वाचणाऱ्याला आपोआप कळतं आजीने काय विचारलं. कॉमा आजीच्या आधीही हवा, हाक मारली की लागतो, तो विसरू नका. मार्कांची धास्ती असेल तर वही देताना बाईंना आधी विचारून घ्या.