मकाहिकीत, म्हणजे जुन्या हवाईतील वार्षिक उत्सवाच्या व वसुलीच्या काळात, गोळा झालेला माल रयतेकडे परत येत असे का?

सह्याद्रीकर:
जुन्या हवाईतील प्रमुख हे रयतेकडून वसूल केलेला माल पुन्हा रयतेतच वाटत, त्यामुळे त्या वसुलीला कर म्हणू नये, असे पुष्कळदा वाचनात येते. परंतु डोंगरापासून समुद्रापर्यंत पसरलेल्या एकाच अहुपुआआत (जमिनीच्या पट्ट्यात) तारो (अळूचे कंद), लाकूड, मीठ आणि मासळी हे सारे मिळत असेल, तर वाटपासाठी मध्ये प्रमुख हवाच कशाला? जाणकारांनी खुलासा करावा, ही विनंती.

पाटपाणी:
आपली शंका रास्त आहे. निरनिराळ्या भागांतील उत्पन्न प्रमुखामार्फत सर्वांपर्यंत पोहोचत असे, ही मांडणी मानववंशशास्त्रज्ञ मार्शल साह्लिन्स यांनी १९५८ साली केली. पुढे त्याच शास्त्रातले टिमोथी अर्ल यांनी काउआई बेटावरील हालेलेआ परगणा अभ्यासला, तेव्हा तेथील वस्त्या आपल्या गरजा बहुतांशी स्वतःच भागवत असल्याचे दिसून आले. वसुली मात्र चोख होती. सूर्यास्ताला कृत्तिका पूर्वेस उगवू लागल्या की मकाहिकी सुरू होई आणि उंच काठीला आडवे लाकूड बांधून त्यावर सालीचे पांढरे कापड सोडलेली लोनो देवाची मूर्ती बेटाला प्रदक्षिणा घाली. प्रत्येक अहुपुआआच्या शिवेवर तेथील कारभारी, म्हणजे कोनोहिकी, कुत्री, चटया, सुकी मासळी आणि पिसे मांडून तयार असे. भरणा पुरेसा वाटला तर त्या भागावरचे धार्मिक निर्बंध उठून खेळ सुरू होत. कमी पडला तर लूट होई.

ओसरी:
हा माल राजाचे देव, सरदार आणि त्यांची माणसे यांच्यात वाटला जाई व रयतेला त्यातून काही मिळत नसे, असे हवाईचेच इतिहासकार डेव्हिड मालो यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवले आहे. म्हणजे वाटप होते, पण वरच्या थरातच. राजाची कोठारे भरलेली का असावीत, हेही त्यांनीच सांगितले आहे: उंदीर जसा भरले कोठीघर सोडत नाही, तशी अन्नाच्या आशेवर माणसे राजाला सोडत नाहीत. माझ्या मते रयतेचा खरा आधार हे औदार्य नव्हते. ती जमिनीला बांधलेली नसल्याने जाचक प्रमुखाला सोडून जाऊ शकत होती, आणि माणसेच गेली तर पाटांची नि मत्स्यतळ्यांची डागडुजी करणार कोण?

पाटपाणी:
सहमत. पहिल्या कामेहामेहा राजाच्या झग्याला ममो पक्ष्याची सुमारे साडेचार लाख पिवळी पिसे लागली असे मानतात. ती काही कोणाच्या ताटात परतणारी नव्हती. पुढे चंदनाच्या व्यापारात सरदार अमेरिकी व्यापाऱ्यांचे देणेकरी झाले, तेव्हा १८२६ च्या कायद्याने प्रत्येक धडधाकट पुरुषावर अर्धा पिकूल, म्हणजे सुमारे ३० किलो, चंदन किंवा चार स्पॅनिश डॉलर भरण्याची सक्ती आली. आणि तो कायदा साऱ्या राज्याला लागू असल्यामुळे, आपण म्हणता तो सोडून जाण्याचा उपायही रयतेच्या उपयोगी पडण्याजोगा उरला नाही.