मदत हवी आहे: फाइल बंद, तरी एक्सेल म्हणतं 'लॉक आहे'

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमधली स्टॉकची फाइल माझा मॅक्रो (एक्सेलमध्ये ठरलेली कामं आपोआप करणारा छोटा कोड) उघडतो, आकडे भरतो, बंद करतो. मध्येच एरर १००४ (एक्सेलची सर्वसाधारण रन-टाइम एरर) आली की मॅक्रो तिथेच थांबतो, आणि पुढच्या वेळी 'फाइल एडिटिंगसाठी लॉक आहे' असा मेसेज. लॉक कोणी केली? तर म्हणे मीच!

टास्क मॅनेजरमधून मागे अडकलेलं एक्सेल बंद केलं. फोल्डरमधली ~$ ने सुरू होणारी लपलेली फाइलही (फाइल कोणी उघडलीय याची एक्सेलने ठेवलेली खूण) उडवली. तेवढ्यापुरतं चालतं, दोन दिवसांनी पुन्हा तेच.

ऑन एरर गोटू (एरर आली की कोडला ठरलेल्या ओळीवर नेणारी आज्ञा) लावून शेवटी वर्कबुक क्लोज करायचं, एवढं पुरेल का? की उघडण्याआधीच लॉक तपासावं? लॉक असताना ओपन फॉर बायनरीने (कोडमधून फाइल थेट उघडून बघायची आज्ञा) एरर ७०, म्हणजे 'परवानगी नाही', मिळते, पण नेटवर्कवर त्यावर विसंबावं का? कोणी केलं असेल तर कोड टाका, प्लीज. महिनाअखेर आलीय.