अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांना उन्हाळ्यात जंगलातलं पगारी काम : कुणाला अनुभव आहे का?

पाऊसवेडी:
नमस्कार मंडळी, आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहतो, मुलगी दहावीत आहे, नुकतीच १५ ची झाली. शाळेच्या काउन्सेलरने तिला यूथ कन्झर्वेशन कोअरबद्दल सांगितलं आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच आहे. उन्हाळ्यात नॅशनल पार्क नाहीतर फॉरेस्टमध्ये ट्रेल म्हणजे पायवाटा दुरुस्त करायच्या, झाडं लावायची आणि वर पगारही मिळतो म्हणे. आमच्याकडे दोन मतं आहेत, नवरा म्हणतो जाऊ दे, साताऱ्याच्या सासूबाईंना मात्र पोरीने कुदळ-फावडं का मारायचं तेच कळत नाहीये, आणि इथल्या मैत्रिणी म्हणतात त्यापेक्षा एखादा रिसर्च प्रोग्राम बघ. मला जाणून घ्यायचंय की काम नेमकं काय असतं, सेफ असतं का, अर्ज कधी करायचा. आणि हो, आमचं ग्रीन कार्ड अजून लायनीत आहे, ती एच-४ वर (नोकरीसाठी आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे, त्याने काही अडतं का?

रानवाट:
ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. वायसीसी, म्हणजे हीच यूथ कन्झर्वेशन कोअर, ही केंद्र सरकारची योजना, १९७० च्या कायद्याने सुरू झालेली, वय १५ ते १८, आणि त्यात अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवालेच चालतात. एच-४ वर मुलांना कुठलंच पगारी काम करता येत नाही, सोशल सिक्युरिटी नंबरही मिळत नाही. पुढे तुमचा आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) भरला गेला आणि तिच्या हातात ईएडी (काम करायचा परवाना) आलं तर ती दुसरीकडे नोकरी करू शकेल पण वायसीसीला तेही पुरत नाही. हे तिला आत्ताच, अर्ज भरायच्या आधी, नीट बसून सांगा. फॉर्म भरून, निबंध लिहून, मग नकार आला की पोरांना फार लागतं, त्यांना वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे, आणि वर्गातली मैत्रीण मात्र जाते. तिची काहीही चूक नसताना तिच्या वाट्याला हे येतंय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक जपा, काही कार्यक्रम पगार न म्हणता स्टायपेंड म्हणतात. एच-४ साठी तोही मोबदलाच धरून चाला आणि वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नका.

डोंगरयात्री:
माझा मुलगा मागच्या उन्हाळ्यात वायसीसीच्या क्रूमध्ये, म्हणजे कामाच्या तुकडीत, होता (तो इथेच जन्मलेला) म्हणून कामाबद्दल सांगतो. साधारण ८ ते १० आठवडे, आठवड्याला ४० तास, केंद्राचं नाहीतर राज्याचं जे जास्त असेल ते किमान वेतन. केंद्राचं २००९ पासून ७.२५ डॉलरवरच अडकलंय, वॉशिंग्टन राज्याचं त्याच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे राज्याप्रमाणे खूप फरक पडतो. एकच मोठा अर्ज असं काही नसतं, ज्या पार्कात किंवा फॉरेस्टमध्ये क्रू असेल तिथेच अर्ज करायचा, आणि बजेटवर असल्यामुळे दरवर्षी सगळीकडे क्रू असतोच असं नाही. डिसेंबर-जानेवारीपासूनच जवळच्या ऑफिसला फोन करत राहायचं, मार्च-एप्रिलपर्यंत बऱ्याच जागा भरतात.

काम म्हणाल तर निव्वळ अंगमेहनत. ट्रेलचा खरा शत्रू पाणी, ते वाटेवरून धावायला लागलं की माती घेऊन जातं, म्हणून आडवे दगड किंवा ओंडके पुरून पाणी बाजूला काढायचं, चर साफ करायचे, पडलेली झाडं हातकरवतीने कापायची. १८ खालच्या मुलांना चेनसॉ चालवायला कायद्यानेच बंदी आहे. हत्यार म्हणजे मुख्यतः पुलास्की, एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ, १९१० च्या मोठ्या वणव्यात आपली माणसं वाचवणाऱ्या एड पुलास्की नावाच्या रेंजरवरून ते नाव पडलंय. हेल्मेट, हातमोजे, बूट याशिवाय हात लावू देत नाहीत आणि दर सकाळी सुरक्षेबद्दल बोलूनच सुरुवात होते. सासूबाईंना सांगा, आमच्या घरात या कामाने पोरगा जेवढा शहाणा झाला तेवढा कुठल्या क्लासने झाला नव्हता, आता कुठलीही पायवाट दिसली की पाणी कुठून येतं ते आधी बघतो.

टेकडीकर:
पुण्यातून लिहितोय, आमच्याकडे पगार वगैरे नाही, रविवारी टेकडीवर श्रमदान असतं आणि शाळेतली मुलंही येतात, घाणेरीची झुडपं मुळासकट उपटायची, चर खणायचे. मुलं दमतात पण परत येतात. तुमच्याकडेही असलं काही उपटतात का?

रानवाट:
हो, इथली घाणेरी म्हणजे हिमालयन ब्लॅकबेरी! १८८५ च्या सुमारास ल्यूथर बरबँक या बागायतदाराने गोड फळांसाठी आणली आणि आता नदीकाठ गिळत चाललीय, देशी झाडांची रोपं खाली उजेडच मिळत नाही म्हणून मरतात. जोडीला इंग्लिश आयव्ही आहेच. आणि पाऊसवेडी, तुमच्या मुलीसाठी मार्ग इथूनच आहे. वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशनचे दिवसभराचे वर्क पार्टी, म्हणजे श्रमदानच, असतात, १० वर्षांपुढची मुलं चालतात, हत्यारं-हेल्मेट तेच देतात, आणि १४ ते १८ वयासाठी आठवडाभराच्या कॅम्पिंगच्या ट्रिपाही असतात. ही सरळ स्वयंसेवा आहे, जिथे कुणालाच पगार नाही, त्यामुळे एच-४ ला अडचण येऊ नये. काम तेच, पुलास्कीही तीच, आणि तासांचा दाखला शाळेच्या सर्व्हिस अवर्सना (समाजसेवेच्या तासांना) चालतो का ते काउन्सेलरला विचारून घ्या.

पाऊसवेडी:
खूप आभार सगळ्यांचे. काल रात्री तिच्याशी बोलले, रडली थोडी, "मग मी इथली नाहीच का" म्हणाली, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण सकाळी तिनेच वर्क पार्टीचं कॅलेंडर उघडलं आणि येत्या शनिवारी दोघींचं नाव घातलंय. पावसात चालणारे बूट कुठले घ्यावेत, कुणी सांगाल का?

डोंगरयात्री:
घोट्याच्या वर येणारे वॉटरप्रूफ घ्या, टणक तळाचे, आणि आधी घरात घालून पायाला सवय करून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी फोड येतात. सुती मोजे नकोत, लोकरीचे घ्या. डबा मोठा द्या, खूप भूक लागते. शनिवारी कसं झालं ते इथे नक्की लिहा.