नॅसच्या इशाऱ्यांच्या ढिगात खरा इशारा कोणता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा छोटा स्टुडिओ आहे. कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, जे येतं ते खटपट करून. जुन्या पीसीत ४ टीबीच्या चार डिस्क घालून त्याचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा डेटाचा साठा, केलाय. त्यावर ट्रूनॅस ही प्रणाली बसवलीय आणि डिस्क रेडझेड-१ मध्ये, म्हणजे चारही मिळून एकच पूल. एक डिस्क गेली तर चालतं, दुसरीही गेली की खेळ खलास, इतपत कळतं.

इशारे इतके येतात की मी वाचायचंच सोडलं होतं. "पूल ८४ टक्के भरला" हे रोजचंच. उन्हाळा लागल्यापासून दुपार झाली की "डिस्कचं तापमान ४६". त्या ढिगात १२ दिवसांपूर्वीची एक मेल काल सापडली: तिसऱ्या डिस्कवर ८ पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कला वाचता न आलेले तुकडे. पोटात गोळाच आला. मग सगळ्यांचे स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढले, तर दुसऱ्या डिस्कवर १९९ नंबरचा आकडा, म्हणजे सीआरसी एरर (डेटा वाटेत बिघडल्याची मोजणी), ४१. पूलची स्थिती दाखवणाऱ्या झेडपूल स्टेटसमध्ये मात्र चारही ऑनलाइन आणि एररचे तिन्ही रकाने शून्य.

दोन डिस्क एकदम चालल्यात का? आधी कशाला हात घालू? बॅकअप फेब्रुवारीपर्यंतचा आहे, त्यानंतरच्या नऊ लग्नांचा नाही. बोलणी खायची तयारी आहे.

जुना_सर्व्हरवाला:
बोलणी नंतर. आधी ती नऊ लग्नं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. तोवर स्क्रब (पूलमधला सगळा डेटा वाचून तपासणं) नको, लाँग टेस्ट (डिस्कची स्वतःची पूर्ण तपासणी) नको, केबलला हात नको.

दुसऱ्या डिस्कचं फारसं मनावर घेऊ नका. १९९ वाढतो तो बहुतेक वेळा डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलमुळे. खराब आलेला डेटा पुन्हा मागवला जातो, म्हणून झेडएफएसला (ट्रूनॅसच्या फाइल सिस्टीमला) पत्ताही लागत नाही. केबल बदलली तरी हा आकडा खाली येत नाही. ४१ लिहून ठेवा, ४२ होतो का तेवढं बघा.

तिसरीची मात्र काळजी करा. ८ आकडा बघून घाबरू नका: ४के (४०९६ बाइटच्या) सेक्टरच्या डिस्कवर एक खरा सेक्टर बिघडला की मोजणीत ५१२ बाइटचे आठ दिसतात. पण स्मार्टमधले १९७ (पेंडिंग सेक्टर) आणि १९८ (दुरुस्त न होणारे सेक्टर) वाढत असतील किंवा ५ नंबर (बदली दिलेले सेक्टर) हलला असेल, तर डिस्क बदलाच. पोर्ट मोकळा असेल तर जुनी न काढता नवी जोडून रिप्लेस करा, म्हणजे मधल्या काळात जुनीचाही आधार राहतो. नवी घेताना सीएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवणारी) आहे ना ते विचारा. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवणाऱ्या) डिस्कवर रिसिल्व्हर, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं, रखडतो.

रात्रपाळी:
इशाऱ्यांचं सांगतो, रोग तोच आहे. अलर्ट सेटिंग्जमध्ये प्रत्येक प्रकाराला लगेच, तासाला, दिवसाला, कधीच नाही असे पर्याय असतात. पेंडिंग सेक्टर, पूल डिग्रेडेड (एखादी डिस्क गळालेली), स्क्रबमधले एरर लगेच येऊ देत. जागेचा इशारा दिवसाला एकदा. बंद करू नका हो, ८० टक्क्यांच्या पुढे झेडएफएसला जागा शोधायला त्रास होतो, जुनी लग्नं हलवाच. तापमानाची मर्यादा ५० करा आणि पुढच्या पंख्याची जाळी झाडा.

अजून एक. नॅसच बंद पडला तर मेल पाठवणार कोण? शांतता म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. तासातासाला बाहेरच्या एखाद्या सेवेला पिंग, म्हणजे 'मी चालू आहे' असा छोटा संदेश, जाऊ द्या. पिंग चुकला की ती सेवा तुम्हाला कळवेल. आमच्याकडे मेलचा पासवर्ड बदलला होता आणि दोन महिने एकही इशारा आला नव्हता. आम्ही आपले खूश!

धागाकर्ता:
दोघांचे आभार. कॉपी रात्रभर चालली, नऊची नऊ लग्नं उतरली, प्रत्येकातल्या दोन-चार क्लिप उघडूनही पाहिल्या. मग मशीन बंद करून उघडलं, तर दुसऱ्या डिस्कची केबल झाकणाखाली दबून वाकलेली! बदलली. आकडा अजून ४१ वरच आहे.

तिसरीची लाँग टेस्ट मात्र ९० टक्के बाकी असतानाच 'रीड फेल्युअर' म्हणून थांबली, आणि १९७ आता १६. नवी डिस्क सांगितली आहे, परवा येईल. बोर्डावर एक साटा पोर्ट मोकळा आहे, पण एसएमपीएसला पाचव्या डिस्कसाठी पॉवरचा कनेक्टर नाही. डीव्हीडी ड्राइव्हचा काढून लावला तर चालेल ना?

जुना_सर्व्हरवाला:
चालेल. साटाचाच असेल तर थेट बसेल.