रोमन पुतळ्यांचा संगमरवर कुठल्या खाणीतला, हे कसं ओळखतात?

म्हापशेकार: जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चमधे सेंट झेवियरच्या पेटीखालचं संगमरवरी काम टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने, म्हणजे तिसऱ्या कोसिमोने दिलेलं, १६९८ मधे इथे बसवलं, त्याची नोंद आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन पुतळ्याची नोंद कुठून आणणार? तरी म्युझियमच्या पाटीवर बिनधास्त लिहितात, ग्रीसच्या पारोस बेटाचा संगमरवर, इटलीतल्या लुनाचा संगमरवर. आमचे गवंडी चिरा बघून खाण सांगतात तसं असतं का हे?

दगडोबा: नुसतं बघून खात्री होत नाही बाबा. पूर्वी डोळ्यांनीच ठरवायचे, म्हणजे अथेन्सजवळच्या पेंटेली डोंगराच्या दगडात अभ्रक, लोहामुळे कालांतराने सोनेरी झाक, ग्रीसच्या नाक्सोस बेटाच्या दगडाचे कण मोठे, इटलीतल्या कॅराराचे (हाच रोमनांचा लुना) बारीक, पण बारीक कणांचे पांढरे दगड इतर खाणींतही निघतात आणि तिथेच घोळ होतो. १९७२ मधे हार्मन आणि व्हॅलेरी क्रेग यांनी दाखवलं की दगडातल्या कार्बन-१३ आणि ऑक्सिजन-१८ (कार्बन आणि ऑक्सिजनचे जरा जड अणू, म्हणजे आयसोटोप) यांचं प्रमाण मोजून ग्रीक खाणी वेगळ्या करता येतात. चिमूटभर चुरा पुरतो, तोही मागच्या किंवा तुटक्या बाजूचा.

म्हापशेकार: मग झालंच की, आकडा काढला, तक्त्यात बघितलं, खाण मिळाली?

दगडोबा: नाही ना, खाणींचे आकडे एकमेकांत मिसळतात. म्हणून दगडाची पातळ चकती करून मायक्रोस्कोपखाली सगळ्यात मोठा कण मोजतात, मँगनीज आणि स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यांचं प्रमाण बघतात. ग्रीसच्या थासोस बेटावरच्या वाथी टोकाचा दगड डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेला संगमरवर, तो एक्स-रेने लगेच ओळखू येतो. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तक्ता पूर्ण हवा. तुर्कस्तानात अफ्रोडिसियास या प्राचीन शहराजवळची गोक्तेपेची खाण संशोधकांना या शतकात कळली, तिचा दगड बारीक कणांचा, मँगनीज कमी, स्ट्रॉन्शियम जास्त. तोवर तिथल्या दगडाचे पुतळे कॅरारा नाहीतर पारोसच्या नावावर जमा होत होते! खाणच यादीत नाही तर मशीन कितीही भारी असो, उत्तर दुसऱ्याच खाणीचं येणार.

पेडणेकरीण: यात एक भर घालते. कॅराराच्या खाणी मोठ्या प्रमाणावर चालू झाल्या त्या इसवीसनपूर्व पहिल्या शतकात, त्यामुळे पाटीवर लुना असेल तर तो पुतळा इसवीसनपूर्व पाचव्या शतकातल्या अथेन्सचा असूच शकत नाही, दिसायला कितीही तसा असला तरी ती रोमन काळातली नक्कल. आणि हात, नाक, डोकं यांचे नमुने वेगवेगळे घ्यायला हवेत, कारण सतराव्या-अठराव्या शतकात तुटके पुतळे नव्या दगडाने पुरे करायची पद्धत होती.

म्हापशेकार: म्हणजे खाण जुनी निघाली तर पुतळा अस्सल?

पेडणेकरीण: तसंही नाही हो. अमेरिकेतल्या गेटी म्युझियमचा कूरोस, म्हणजे उभ्या तरुणाचा पुतळा, ग्रीक शैलीचा, दगड थासोसचा डोलोमाइट, पण जुन्या खाणीतला दगड आजचा माणूसही आणू शकतो. त्याच्या पाटीवर वर्षानुवर्षं दोन्ही शक्यता लिहिलेल्या होत्या, इसवीसनपूर्व सुमारे ५३० किंवा आधुनिक बनावट.